त्रिशरण : याचना की निर्धार?

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि नांदेड-लातूरच्या वस्त्यावस्त्यांतील बुद्धविहारांत संध्याकाळी बाबासाहेबांच्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू होते. आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने हा क्रम चालतो. वाचनापूर्वी त्रिशरण, पंचशील आणि बुद्ध, धम्म, संघ यांची वंदना होते. समोर बसलेल्यांत बहुसंख्य आमच्या आया-बहिणी असतात. शिकलेसवरलेले तरुण मात्र विहाराच्या ओट्यावर मोबाईल घेऊन बसलेले दिसतात. त्यांना आत बोलावले की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "वंदना म्हणून काय होते? कर्ज फिटते का? नोकरी लागते का?" दुसरीकडे काही मंडळी अशीही निघाली आहेत की, दुःखात सापडलेल्या कुटुंबाला ती सांगतात, अमुक सुत्त इतक्या वेळा म्हणा, परित्राणाचा धागा मनगटाला बांधा, घरातली पीडा निघून जाईल.

तरुणाचा प्रश्न प्रामाणिक आहे. त्या मंडळींचे उत्तर मात्र खोटे आहे. आणि या दोहोंच्या मध्ये आमचा खरा पीडित माणूस एकटा उभा आहे. नापिकीने खचलेला अल्पभूधारक, परीक्षेच्या ओझ्याखाली दबलेले पोर, दारुड्या नवऱ्याचा मार खाणारी बहीण, अत्याचाराच्या खटल्यात साक्ष द्यायची म्हणून गावात वाळीत पडलेले कुटुंब. या माणसाला वंदनेचा उपयोग आहे की नाही? आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु तो कशासाठी आहे आणि कशासाठी नाही, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे. नाहीतर ज्या कर्मकांडातून बाबासाहेबांनी आम्हाला बाहेर काढले, त्याच कर्मकांडात आम्ही मागच्या दाराने परत जाऊ.

प्रथम भगवान बुद्धांचेच मत पाहू. संयुत्त निकायात असिबंधकपुत्र नावाच्या गामणीचा, म्हणजे गावप्रमुखाचा संवाद आहे. मंत्र म्हणून मेलेल्या माणसाला स्वर्गात पाठविणाऱ्या ब्राह्मणांविषयी तो बुद्धांना विचारतो. बुद्ध त्याला उलट विचारतात, एखाद्याने खोल डोहात मोठा धोंडा टाकला आणि लोक काठावर हात जोडून उभे राहून 'धोंड्या, वर ये' अशी प्रार्थना करू लागले, तर तो धोंडा वर येईल काय? आणि तुपाचे मडके पाण्यात फुटले, तर लोकांनी कितीही विनवण्या केल्या तरी तूप बुडेल काय? गामणीला उत्तर द्यावेच लागले. येणार नाही, बुडणार नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी याचनेच्या धर्माला दिलेला हा सडेतोड जबाब आहे. ज्यांना वंदनेने पीडा पळवायची आहे, त्यांनी आधी हा धोंडा वर आणून दाखवावा.

मग प्रश्न उरतो की, प्रार्थना नाकारणाऱ्या धम्मात वंदना आहे कशासाठी? बाबासाहेबांइतका कठोर बुद्धिवादी नेता या देशाने पाहिला नाही. तरीही त्याच बाबासाहेबांनी आमच्यासाठी 'बौद्ध पूजापाठ' ही पुस्तिका तयार केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी स्वतः हात जोडून महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून पाली भाषेत त्रिशरण-पंचशील घेतले आणि मग लाखोंच्या समुदायाला दिले. ५ डिसेंबर १९५६ ची रात्र आठवा. दिल्लीतील २६, अलीपूर रोड हे निवासस्थान. शरीर आजाराने पोखरलेले. त्या रात्री बाबासाहेब डोळे मिटून त्रिशरण गुणगुणत होते, त्याची ध्वनिमुद्रिका लावायला त्यांनी सांगितले आणि तिच्या सुरात सूर मिसळला, अशी आठवण त्यांचे सहकारी नानकचंद रत्तू यांनी लिहून ठेवली आहे. त्याच रात्री आपल्या धम्मग्रंथाच्या प्रस्तावनेची पाने त्यांनी जवळ घेतली होती. ज्यांनी गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न ही चार लेकरे गमावली, १९३५ साली रमाई गमावल्या, ते बाबासाहेब आयुष्याच्या शेवटच्या रात्री कोणाकडे काही मागत होते काय? मुळीच नाही. ज्या मूल्यांसाठी आयुष्य झिजविले, ती मूल्ये ते आठवत होते. वंदना म्हणजे हे आठवणे आहे.

मी वकील आहे, म्हणून न्यायालयातील उदाहरण देतो. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की त्याला खरे बोलण्याची शपथ दिली जाते. शपथ देवाच्या नावाने घेता येते. परंतु १९६९ च्या शपथ अधिनियमाने दुसराही मार्ग दिला आहे. देवाला साक्षी न ठेवता माणूस स्वतःच्या जबाबदारीवर सत्यप्रतिज्ञा करू शकतो. आपल्या संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीतही मंत्र्याला आणि आमदार-खासदाराला ईश्वरसाक्ष शपथ किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन असे दोन पर्याय आहेत. पंचशील हे या दुसऱ्या जातीचे आहे. त्यात 'हे देवा, मला वाचव' असे एकही वाक्य नाही. 'मी हिंसेपासून दूर राहीन, मी खोटे बोलणार नाही, मी नशा करणार नाही' असे प्रथमपुरुषी बोल आहेत. त्रिशरण आपण तीन वेळा म्हणतो. ज्याचे मन पहिल्यांदा डळमळले, त्याने दुसऱ्यांदा म्हणावे, तिसऱ्यांदा म्हणावे, म्हणजे निर्धार पक्का होतो.

याचा प्रत्यक्ष उपयोग मी पाहिला आहे. लातूर जिल्ह्यातील एका खेड्यातील आमची एक भगिनी अत्याचाराच्या खटल्यात साक्षीदार होती. दोन वर्षे तिच्यावर गावाचा दबाव होता. किराणा बंद, मजुरी बंद, तडजोडीचे निरोप रोज. तारखेच्या दिवशी न्यायालयाच्या व्हरांड्यात तिचे हात थरथरत होते. ती म्हणाली, "वकीलसाहेब, थोडा वेळ आहे का? पंचशील म्हणून घेते." भिंतीकडे तोंड करून तिने हळू आवाजात पंचशील म्हटले. आत गेली आणि उलटतपासणीत शेवटपर्यंत टिकली. नंतर विचारले तेव्हा तिचे उत्तर साधे होते, "चौथं शील रोज म्हणते, मग तिथं कसं फिरायचं?" हा चमत्कार नाही. रोज संध्याकाळी दिलेला शब्द ऐन वेळी कामाला आला, इतकेच. साक्षीदार फितूर होण्याने आमचे किती खटले पडतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या बाईच्या चौथ्या शीलाची किंमत कळेल.

बुद्धांनी दुःखाविषयी दोन बाणांचे उदाहरण दिले आहे. माणसाला एक बाण लागतो, त्याची वेदना शरीराला होते. अजाण माणूस त्यावर शोक करतो, छाती पिटतो, खचतो. हा जणू त्याला लागलेला दुसरा बाण. जाणत्या माणसाला पहिला बाण लागतो, दुसरा लागत नाही. मराठवाड्यातील आमच्या माणसाला हे उदाहरण समजावून सांगण्याची गरजच नाही. त्याच्या अंगावर पहिल्या बाणांचे व्रण आहेत. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि आमच्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे यांना त्या ऑगस्टमध्ये अमानुषपणे मारण्यात आले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची जमीन हादरली आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे ढिगाऱ्याखाली गेली. दोनच महिन्यांत, नोव्हेंबर १९९३ मध्ये, नामांतरासाठी नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. आणि १ जून २०२३ रोजी नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत आमच्या एका तरुणाची हत्या झाली. गावात बाबासाहेबांची जयंती काढल्याचा राग, असे कारण फिर्यादीत नोंदले गेले.

शहीद गौतम वाघमारे यांच्या बलिदानापुढे आम्ही नतमस्तक आहोत. तरीही आजच्या तरुणांना सांगितले पाहिजे की, चळवळीला आता जिवंत माणसे हवी आहेत. जीव देण्याचा नव्हे, जीव टिकवून लढण्याचा हा काळ आहे.

कारण आज जीव जात आहेत ते घराच्या आत, एकट्याने. २०१५ या एकाच वर्षी मराठवाड्यात अकराशेहून अधिक शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यानंतरच्या उन्हाळ्यात, एप्रिल २०१६ मध्ये, लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या बातम्या देशभर गाजल्या. परंतु बचतगटाच्या नावाखाली चार-चार फायनान्स कंपन्यांचे हप्ते भरताना रात्र-रात्र न झोपणारी बाई बातमीत येत नाही. 'लातूर पॅटर्न'च्या नावाने खेड्यातून शिकवणीला आणलेले, दहा बाय दहाच्या खोलीत राहणारे, चाचणीत गुण कमी पडले म्हणून बापाला फोन करायला घाबरणारे पोर बातमीत येते ते फार उशिरा. पहिला बाण व्यवस्थेने मारलेला आहे. 'माझ्यातच काही खोट आहे, मी कोणाच्या उपयोगाचा नाही' हा दुसरा बाण तो स्वतःच्या छातीत स्वतः रोवतो. वंदना काम करते ती या दुसऱ्या बाणावर.

ती काम कशी करते? यात गूढ काही नाही. पहिली गोष्ट श्वासाची. पाली गाथा संथ लयीत म्हणताना श्वास आपोआप लांब आणि शांत होतो. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीच्या डॉ. बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. २३ निरोगी माणसांना त्यांनी एकदा लॅटिन भाषेतील ख्रिस्ती जपमाळ म्हणायला लावली आणि एकदा तिबेटी बौद्ध मंत्र. दोन्ही वेळा श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत खाली आली आणि हृदयाच्या व रक्तदाबाच्या लयीवर त्याचा चांगला परिणाम दिसला. आमच्या बुद्धिवादी तरुणांनी यातील खरी मेख ध्यानात घ्यावी. शब्द ख्रिस्ती असोत की बौद्ध, शरीरावर परिणाम एकच झाला. म्हणजे जादू शब्दांत नाही. शब्दांत अर्थ आहे, आणि तो अर्थ समजला तरच वंदना धम्म होते, नाहीतर ती केवळ श्वासाचा व्यायाम राहते.

दुसरी गोष्ट वेळेची. खचलेल्या माणसाचा दिवस विस्कटलेला असतो. सकाळ-संध्याकाळची पंधरा मिनिटे जरी ठरली, तरी दिवसाला दोन खुंट्या मिळतात. दारू सोडू पाहणाऱ्या माणसाला तर संध्याकाळचा सात ते आठ हा एक तास पार पाडायचा असतो. तो तास विहारात गेला, पाचवे शील चार माणसांसमोर तोंडाने म्हटले, तर गुत्त्याकडे वळणारे पाऊल अडखळते.

तिसरी आणि सर्वात मोठी गोष्ट सोबतीची. तिसरे शरण संघाचे आहे. वंदना एकत्र म्हणताना ज्याचा आवाज फुटत नाही, त्याला शेजारच्याचा आवाज पुढे नेतो. सहा डिसेंबरच्या आघाताने आमचा समाज पोरका झाला होता. दुसऱ्या दिवशी, ७ डिसेंबर १९५६ रोजी, दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांच्या चितेसमोर भदंत आनंद कौसल्यायन यांनी लाखाहून अधिक लोकांना धम्मदीक्षा दिली. हुंदके देणाऱ्या त्या जनसागराने त्रिशरण म्हटले. बाप गेलेल्या समाजाने शोकाच्या पहिल्याच दिवशी काय केले पाहा. तो एकत्र उभा राहिला आणि त्याने शब्द दिला. वैयक्तिक दुःखाला सामुदायिक उत्तर देण्याची ही आमची परंपरा आहे.

खुद्द तथागत राजगृहाच्या वेळुवनात आजारी पडले, तेव्हा त्यांनी महाचुंदाला सात बोध्यंगे म्हणायला सांगितली, असे संयुत्त निकायात आहे. आजारपणात माणसाने आपले जवळचे विचार आपल्या माणसाच्या तोंडून ऐकावेत, यात गैर काय? पण त्याच बुद्धांनी जीवक वैद्याचे औषधही घेतले, हे विनयपिटक सांगते. पाठ आणि औषध यांत त्यांना विरोध वाटला नाही. म्हणून ज्याची झोप महिनोन्महिने उडाली आहे, ज्याच्या मनात मरणाचे विचार येतात, त्याला 'वंदना वाढव' असा सल्ला देणे हा गुन्हाच आहे. त्याला जिल्हा रुग्णालयातील किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील मनोविकार तज्ज्ञाकडे घेऊन जा. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवा. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला पोलीस केस होईल म्हणून लपवून ठेवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरले जाते. विरुद्ध काही सिद्ध झाल्याशिवाय त्याच्यावर खटला चालविता येत नाही, आणि त्याच्यावर उपचाराची जबाबदारी शासनाची आहे.

आता पहिल्या बाणाकडे वळू. कारण वंदनेचा सर्वात मोठा धोका येथेच आहे. 'शांत राहा, मैत्री भावना ठेवा, सहन करा' असे सांगून अत्याचारग्रस्ताला गप्प बसविण्यासाठी जर कोणी धम्माचा वापर करत असेल, तर तो मनुवाद्यांचेच काम करीत आहे. बुद्धांनी बाण उपटायला सांगितले, बाणासह जगायला नव्हे. जपानमध्ये निचिरेन परंपरेत सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या नावाचा जप करतात. आमच्या शहरी मध्यमवर्गातही त्याचे आकर्षण वाढते आहे. १९३० साली स्थापन झालेल्या सोका गाक्काईचे पहिले अध्यक्ष त्सुनेसाबुरो माकिगुची हा जप करणारेच गृहस्थ होते. महायुद्धाच्या काळात सरकारने घरोघरी शिंतो देवस्थानचा ताईत ठेवण्याची सक्ती केली तेव्हा त्यांनी तो नाकारला, तुरुंगात गेले आणि १९४४ साली तुरुंगातच मरण पावले. पठणाची कसोटी ही आहे. त्याने माणूस सत्तेपुढे वाकतो की ताठ होतो?

म्हणून वंदनेवरून उठलेल्या हातांना पुढचे काम माहीत असले पाहिजे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५-अ आले. त्यानुसार पीडित व साक्षीदार यांना संरक्षणाचा, प्रवासखर्चाचा आणि खटल्याच्या प्रत्येक टप्प्याची माहिती मिळण्याचा हक्क आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ नुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळालेला आहे, तेव्हा ही दारे आमच्यासाठी उघडी आहेत. विनापरवाना सावकाराने जमीन लिहून घेतली असेल, तर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. अर्ज लिहायला जी हिंमत लागते, ती वंदनेतून घ्या. पण अर्ज लिहाच.

आमच्या विहार समित्यांना, भारतीय बौद्ध महासभेच्या बौद्धाचार्यांना आणि पूज्य भिक्खू संघाला मी काही विनंत्या करतो. दरवर्षी जानेवारीत अर्धापूर तालुक्यातील दाभडच्या बावरीनगर महाविहारात धम्म परिषदेला हजारोंचा समुदाय जमतो. तेथे जागणारी श्रद्धा वस्तीतल्या विहारात वर्षभर टिकली पाहिजे. एक, विहाराचे कुलूप केवळ पौर्णिमेला आणि जयंतीला उघडू नका, रोज संध्याकाळी एक तास उघडा. दोन, प्रत्येक गाथेनंतर तिचा मराठी अर्थ सांगा. अर्थाविना पाली ही आमच्या पोरांसाठी दुसरी संस्कृत होऊन बसेल. तीन, घरात मृत्यू झाला की जलदान विधी आणि पुण्यानुमोदनापर्यंत गर्दी असते, नंतर सारे पांगतात. खरे एकटेपण तेव्हा सुरू होते. त्यानंतर किमान तीन महिने, आठवड्यातून एकदा, पाच माणसांनी त्या घरी जाऊन वंदना घ्यावी आणि चूल पेटली की नाही हे पाहून यावे. चार, लातूरला शिकायला आलेल्या मुलामुलींसाठी रविवारची वंदना ठेवा आणि नंतर त्यांच्याशी गुण सोडून इतर गोष्टी बोला. पाच, ज्याची न्यायालयात तारीख आहे, त्याच्यासोबत दोन माणसे पाठवा. सहा, धागा-पाण्याचे पैसे घेणाऱ्याला विहाराची पायरी चढू देऊ नका.

ओट्यावर बसलेल्या माझ्या तरुण मित्रा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. वंदनेने कर्ज फिटत नाही, नोकरी लागत नाही, आणि डोहातला धोंडाही वर येत नाही. धोंडा वर काढायला डोहात उतरावे लागते, दोर लागतो आणि तो ओढायला दहा हात लागतात. ते दहा हात रोज संध्याकाळी सात वाजता विहारात जोडलेले असतात. तू आत ये, म्हणजे ते बारा होतील.

जय भीम! नमो बुद्धाय!